मारुतीचा ट्रेलर

२ ऑक्टोबर २०२२ला अयोध्येत शरयूच्या काठी 'आदिपुरुष'चा टीझर दाखवला गेला आणि पुढचे आठ दिवस माझ्या फोनवर दुसरा विषय नव्हता. ऑफिसच्या ग्रुपवर सगळे व्हीएफएक्सवर तुटून पडले होते. 'हा सिनेमा आहे की व्हिडिओ गेम', 'रावण आहे की खिलजी', असं बरंच काही. किन्हवलीच्या ग्रुपवर व्हीएफएक्स हा शब्दही कुणी काढला नाही. तिथे प्रश्न एकच होता, मारुतीच्या अंगावर हे चामड्याचे पट्टे कशाला?

दिग्दर्शक ओम राऊत मराठी, मारुती झालेला देवदत्त नागे मराठी, आणि हाच नागे 'जय मल्हार'मध्ये खंडोबा झाला तेव्हा आमच्याकडे बायका टीव्हीसमोर हात जोडत होत्या. म्हणजे तक्रार नटाबद्दल नव्हती. मग कशाबद्दल होती? आणि सिनेमा यायच्या आठ महिने आधी, दीड-दोन मिनिटांच्या तुकड्यावरून लोक एवढे का चिडले? उत्तर शोधायला मी मागे जात राहिलो आणि १९१७पर्यंत पोचलो.

सुपरहिरोंच्या जगात 'स्पिन-ऑफ' म्हणजे मोठ्या कथेतलं एक पात्र उचलायचं आणि त्याचा स्वतंत्र सिनेमा काढायचा. मार्व्हलवाल्यांनी हे शोधलं असं समजणाऱ्यांनी दादासाहेब फाळक्यांचा 'लंकादहन' आठवावा. अख्खं रामायण न घेता फाळक्यांनी मुख्यतः सुंदरकांडातला भाग घेतला. अशोकवन, अंगठी, पेटलेली शेपटी आणि उड्डाण. पोस्टरवर नाव रामाचं नाही, कारनाम्याचं. आपल्याकडे ही पद्धत त्याआधीही होती. खाडिलकरांनी १९०७मध्ये महाभारतातलं विराटपर्व उचलून 'कीचकवध' लिहिलं. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१०मध्ये सरकारनं नाटकावर बंदी घातली. माहीत असलेल्या गोष्टीतला एक तुकडा समोर ठेवला की प्रेक्षक बाकीचं स्वतः जोडतो. या धंद्याचं भांडवल आणि धोका, दोन्ही त्यातच आहे.

फाळक्यांना हे भांडवल नेमकं कळलं होतं. पहिल्या सिनेमासाठी पैसे उभे करायचे होते तेव्हा, १९१२मध्ये, त्यांनी कुंडीतलं वाटाण्याचं बी उगवून वर येतानाचं रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि ती मिनिटभराची फिल्म पैसे देऊ शकणाऱ्या लोकांना दाखवली. आमच्या भाषेत त्याला डेमो म्हणतात. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. पुढे सुरतेला लोक येईनात, तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली ती कथेची नव्हे, तर आकड्यांची. सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र आणि तिकीट फक्त तीन आणे. त्याच १९१३मध्ये न्यूयॉर्कच्या एका सिनेमागृह-साखळीच्या जाहिरात व्यवस्थापकानं ब्रॉडवेवर येणाऱ्या संगीतिकेच्या तालमीचा तुकडा पडद्यावर दाखवला. तो ट्रेलरचा पहिला नमुना मानला जातो. मुख्य सिनेमाच्या मागे जोडत म्हणून नाव 'ट्रेलर', शेपूट. मारुतीसाठी याहून योग्य शब्द सापडणार नाही.

'लंकादहन' फाळक्यांनी नाशिकला काढला. नाशिकहून मुंबईला जायचं तर कसारा घाट उतरून आटगाव, आसनगावच्या रुळांवरूनच जावं लागे. म्हणजे तो मारुती आमच्या तालुक्यातून, डब्यात गुंडाळलेला, गिरगावला गेला असणार असं मानायला मला आवडतं. गिरगावच्या वेस्ट एन्डमध्ये गर्दी झाली. पुण्याच्या आर्यन थिएटरात लोकांनी दार मोडायचं बाकी ठेवलं होतं आणि मद्रासला तिकिटाची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीतून पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली, असं सांगतात. पडद्यावर राम आला की लोक चपला काढत, हेही सांगतात. यातलं किती तंतोतंत आणि किती पुढे रंगवलेलं, त्याचा वाद असो. जेबीएच वाडियांनी मात्र नंतर लिहून ठेवलंय की आकाशात चढत जाणारा मारुती लहान लहान होत जातो, ते दृश्य पाहून थक्क व्हायला झालं होतं.

या सिनेमात राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंके या एकाच माणसानं केले होते. सीतेचे दंड पिळदार दिसत. आज असा टीझर आला असता तर संध्याकाळपर्यंत मीम्सचा पूर आला असता. तेव्हाच्या प्रेक्षकाला त्यात काही खटकलं नाही, कारण रंगभूमीवर बायकांची कामं पुरुषच करत आणि बालगंधर्वांची लुगडी पाहून बायका लुगडी घेत. पण मला दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. फाळके सिनेमात येण्याआधी लोणावळ्याला रविवर्मा प्रेससाठी काम करत होते. रविवर्म्याच्या छापील चित्रांनी घराघरांतल्या भिंतींवर राम, सीता, मारुती कसे दिसतात ते ठरवून टाकलं होतं. लुगडं कसं नेसलंय, मुकुट कसा, गदा कोणत्या खांद्यावर. फाळक्यांनी ती भिंतीवरची चित्रं हलवून दाखवली. माणूस आतून कोण आहे हे लोकांनी विचारलंच नाही, कारण बाहेरचं सगळं ओळखीचं होतं.

'आदिपुरुष'नं नेमकं उलट केलं. माणसं ठीक होती, बाहेरचं अनोळखी होतं. लोक त्याची तुलना सिनेमाशी करत नव्हते, कॅलेंडरशी करत होते.

या दोन टोकांच्या मध्ये आमच्याकडचा मोठा काळ गेला तो जत्रेच्या तंबूत. मुरबाड तालुक्यातल्या म्हशाची जत्रा पौष पौर्णिमेला सुरू होते. बैलबाजार, घोंगड्या, तमाशा आणि टूरिंग टॉकीज. आजोबा सांगायचे की दुपारी बैलगाडीवर दोन्ही बाजूंनी पोस्टर बांधून, हलगी वाजवत माणूस फिरायचा आणि ओरडून गोष्ट सांगायचा, तोच ट्रेलर. होमी वाडिया, म्हणजे त्याच जेबीएचचे धाकटे भाऊ, यांनी १९५१मध्ये 'हनुमान पाताल विजय' काढला. राम-रावण युद्धातला पाताळातला एवढासा भाग घेऊन अख्खा सिनेमा, शुद्ध स्पिन-ऑफ. पुढे त्यांच्याच बसंत पिक्चर्सचा 'संपूर्ण रामायण' बाबूभाई मिस्त्रींनी १९६१मध्ये केला. मिस्त्री काळ्या दोऱ्यांवर माणसं उडवण्यात वाकबगार. आजोबांना तो दोरा दिसला होता. 'दिसला तर दिसला, पन उडाला ना,' एवढंच त्यांचं म्हणणं. तोवर तिकीट काढलेलं असायचं, तंबूत बसलेलं असायचं. नाराजी असलीच तर ती सिनेमा पाहून झाल्यावरची.

आणि शहापूरच्या डोंगरभागात सिनेमाच्याही आधीपासून बोहाडा आहे. शहापूर, मोखाडा, जव्हार, इगतपुरी या पट्ट्यात होळीनंतर, पावसाच्या आत, काही रात्री बोहाड्याच्या असतात. टेंभ्यांच्या उजेडात, संबळ आणि पिपाणीच्या तालावर एकेक सोंग नाचत येतं. आधी गणपती, शारदा, मग मारुती, रावण, नरसिंह, राक्षसीण असे कितीतरी आणि शेवटाकडे देवी. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे, रंगवलेले. बऱ्याच गावांत कुठलं सोंग कुठल्या घराचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं.

मी कॉलेजात असताना मामाच्या गावी बोहाड्याला गेलो होतो. रावणाचा जुना मुखवटा वाळवीनं खाल्ला म्हणून त्या वर्षी नवा केला होता. रंगवणाऱ्यानं हात सैल सोडून गुलाबी आणि चंदेरी ऑइलपेंट मारला होता. रावण उजेडात आला तशी बायकांच्या बाजूनं खसखस पिकली. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, 'आरं, ह्यो रावन का नवरदेव?' मुखवट्याच्या आतल्या माणसानं ते ऐकलं असणारच, तो तिचा पुतण्या होता. त्यानं नाच थांबवला नाही, उलट नवरदेवासारखी मान हलवून दोन फेऱ्या जास्त घेतल्या. सकाळी चहाच्या वेळी तोच तिच्या ओट्यावर बसून विचारत होता, 'मंग काला मारू का आता?' पुढच्या वर्षी रावण काळा-तांबडा होता.

हीसुद्धा चाहत्यांची प्रतिक्रियाच. शब्द टोचरे होते, खिल्ली होती, बदलाची मागणी होती, आणि बदल झालाही. फक्त बोलणारी आणि मुखवटा घालणारा यांच्यात एका ओट्याचं अंतर होतं. 'आदिपुरुष'च्या वेळी हे अंतर भरायला दुसरेच लोक आले. मध्य प्रदेशचे तेव्हाचे गृहमंत्री नरोत्तम मिश्रांनी मारुतीच्या चामड्याच्या वेशावर आक्षेप घेऊन कारवाईचा इशारा दिला. घाटकोपरचे आमदार राम कदम यांनी महाराष्ट्रात सिनेमा लागू देणार नाही असं जाहीर केलं. ग्रुपवरची कुरकुर आणि मंत्र्याचा इशारा यांत फरक आहे. ग्रुपवर मी 'मला आवडला' असं लिहू शकतो. इशारा आल्यावर तसं लिहिणं ही बाजू घेणं ठरतं, आणि आमच्या ग्रुपवर त्यानंतर दोन-तीन जण एकदम गप्प झाले. त्यांना टीझर आवडला होता.

ओम राऊतांचं म्हणणं होतं की सिनेमा मोठ्या पडद्यासाठी केलाय, मोबाइलसाठी नाही. वाडियांची ती लहान होत जाणाऱ्या मारुतीची आठवण वाचली की हा मुद्दा पटतो. सहा इंचांवर मारुती आधीच लहान असतो, तो आणखी किती लहान होणार? पण टीझर फोनवर पाठवायचा आणि फोनवर पाहू नका म्हणायचं, हे जमत नाही. नोव्हेंबरमध्ये प्रदर्शन १२ जानेवारीवरून १६ जून २०२३ला ढकललं गेलं आणि दृश्यांवर पुन्हा काम झालं. हॉलिवुडात २०१९मध्ये 'सॉनिक'चा चेहरा लोकांच्या ओरड्यानंतर असाच बदलला होता.

इथे माझ्या धंद्याची गोष्ट सांगायला हरकत नाही. अर्धवट झालेलं सॉफ्टवेअर क्लायंटला दाखवलं की तो बटणाच्या रंगाबद्दल बोलतो. त्याचं चुकत नाही, त्याला तेवढंच दिसतं. मग आपण पंधरा दिवस रंग दुरुस्त करतो आणि हिशेबातली गफलत तशीच पुढे जाते. 'आदिपुरुष'चं तेच झालं. प्रत्येक थिएटरात एक खुर्ची मारुतीसाठी रिकामी ठेवायची घोषणा झाली. १९१७च्या चपला काढण्याची ती सरकारी पद्धतीची आवृत्ती म्हणा. आणि त्या खुर्चीसमोर पडद्यावरचा मारुती टपोरी भाषेत बोलला. आठ महिने सगळा देश त्याच्या पट्ट्यांवर भांडत होता, त्याच्या तोंडात काय घातलंय हे कुणी ऐकलं नव्हतं. आठवड्याच्या आत संवाद बदलले गेले, प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जुलैत संवादलेखक मनोज मुंतशिर यांनी जाहीर माफी मागितली. या वेळी मात्र लोक सिनेमा पाहून बोलत होते.

ओळखीचं रूप बदलल्यावर लोक चिडतातच असं म्हणावं, तर त्याच टीझरच्या सहा दिवस आधीची गोष्ट आड येते. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचे शेंदराचे जाड थर त्या उन्हाळ्यानंतर काढले गेले आणि २६ सप्टेंबर २०२२ला, घटस्थापनेला, देवीचं मूळ रूप दर्शनाला खुलं झालं. आमच्या भागातून वणीला जाणारे पुष्कळ आहेत. जन्मभर पाहिलेला चेहरा बदलला होता. फोटो ग्रुपवर आला, थोडा वेळ कुणी काही लिहिलं नाही, मग एकीनं लिहिलं, 'आई अशी व्हती व्हय.' आणि हात जोडलेले पंचवीस-तीस इमोजी. तिथे कुणी कलाकार नव्हता, म्हणून कुणावर संशय नव्हता.

आमच्याकडे गावोगावच्या वेशीवरच्या मारुतीला तर धड चेहराही नसतो. शेंदराचा उंचवटा, त्यावर दोन डोळे. तेलुगू दिग्दर्शक प्रशांत वर्मा यांना हे ठाऊक असावं. 'आदिपुरुष'च्या टीझरनंतर दीड महिन्यानं त्यांच्या 'हनुमान'चा टीझर आला. खेड्यातल्या पोराला मारुतीची शक्ती मिळते अशी सुपरहिरोची गोष्ट, आणि खुद्द मारुती बर्फाआड ध्यानस्थ, चेहरा स्पष्ट नाही. लोकांनी डोक्यावर घेतला. १२ जानेवारी २०२४ला सिनेमा आला आणि चाललाही.

त्याच्या पुढच्या भागाची, 'जय हनुमान'ची, घोषणा झाली आणि ऑक्टोबर २०२४मध्ये पोस्टर आलं. या वेळी चेहरा होता, ऋषभ शेट्टीचा. काही महिन्यांत हैदराबादच्या एका वकिलानं कोर्टात तक्रार नेली, मारुतीला माणसाचं तोंड का दिलं म्हणून. लोकांसमोर तेव्हा पोस्टर आणि छोटासा टीझर, एवढंच होतं.