पुट्टी पट्टी

पुट्टी पट्टी हे भिंतीवर खिळे, स्क्रू किंवा प्लग यांमुळे पडलेली छिद्रे व बारीक तडे भरून पृष्ठभाग सपाट करण्याचे हातहत्यार आहे. मुठीत बसविलेले पातळ पोलादी पाते हे तिचे मुख्य अंग होय. जिप्सम बोर्डाच्या भिंतींवर व छतांवर स्क्रूची डोकी झाकण्यासाठी, तसेच गिलाव्याच्या भिंती रंगविण्यापूर्वी त्यांतील खड्डे बुजविण्यासाठी तिचा उपयोग होतो. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, विशेषतः लोणावळा-खंडाळा परिसरात, अतिवृष्टी व दमट हवा यांमुळे या कामाला ऋतूचे बंधन पडते.

नाव

‘पुट्टी’ हा शब्द इंग्रजीतून मराठीत आला असून त्याचे मूळ फ्रेंच भाषेत आहे. खडूची पूड व जवसाचे तेल मळून केलेल्या भरणाला रंगारी ‘लांबी’ म्हणतात. तावदानाची काच चौकटीत पक्की करण्याच्या अशाच लगद्यासाठी ‘लुकण’ हा शब्द रूढ आहे. पुट्टी पट्टी व गवंड्याची थापी ही भिन्न हत्यारे आहेत. थापीचे पाते ताठ असते व तिने माल भिंतीवर मारला जातो. पट्टीने तो दाबून ओढला जातो.

रचना व प्रकार

पाते कार्बनी पोलादाचे किंवा स्टेनलेस स्टीलचे असते. छिद्रे भरण्यासाठी साधारणतः २५ ते १५० मिलिमीटर रुंदीची पाती वापरतात. बोर्डांचे सांधे सपाट करण्यासाठी त्याहून रुंद पाती लागतात. ताठ पाते जुना रंग खरवडण्यास, तर लवचीक पाते भरण पसरविण्यास सोयीचे असते. चांगल्या प्रतीच्या पट्टीत पात्याचा पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेला असतो. काही पट्ट्यांच्या मुठीला धातूची टोपी असते. वर आलेल्या खिळ्याचे डोके तिने ठोकून आत बसविता येते.

पार्श्वभूमी

मावळातील जुनी पक्की बांधकामे दगड व चुना यांची आहेत. लोहगडावर बांधकामाचा चुना मळण्याची घाणी आजही पाहावयास मिळते. चुन्याचा गिलावा हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश कठीण होतो. पुढे सिमेंटचा गिलावा सर्वत्र रूढ झाला.

कागदांच्या थरांमध्ये जिप्समचा गिलावा भरून केलेल्या बोर्डाचे एकस्व अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट यांना १८९४ साली मिळाले. आजच्या जिप्सम बोर्डात जिप्समचा एकच गाभा व त्याच्या दोन्ही बाजूंस कागद असतो. भारतात त्यासाठी आयएस २०९५ हे मानक आहे. भिंतीसाठी १२.५ मिलिमीटर जाडीचा बोर्ड प्रचलित आहे. तो धातूच्या सांगाड्यावर स्क्रूने बसवितात. त्यामुळे प्रत्येक स्क्रूगणिक एक खळगा भरावा लागतो.

जिप्सम बोर्डावरील वापर

स्क्रूचे डोके कागदाच्या पातळीखाली किंचित जावे, पण कागद फाटू नये. बोर्डाची पकड बव्हंशी या कागदावर अवलंबून असते. कागद फाटल्यास त्याच्या शेजारी, सांगाड्यावरच, दुसरा स्क्रू बसवावा लागतो.

स्क्रू किंवा खिळा काढल्यावर राहिलेल्या छिद्राची दुरुस्ती पुढील क्रमाने होते:

१. छिद्राभोवतीचा सुटलेला कागद कापून काढतात व वर आलेली कड मुठीच्या टोकाने हलकेच आत दाबतात.
२. पात्याच्या टोकावर थोडे भरण घेऊन, पाते भिंतीशी तिरके धरून ते छिद्रात दाबतात.
३. पाते उभट करून दुसऱ्या ओढीने जादा भरण काढून घेतात.
४. वाळताना भरण आकसते व मध्ये खळगा पडतो. म्हणून पहिला थर पूर्ण वाळल्यावर किंचित रुंद असा दुसरा थर देतात.
५. बारीक पॉलिश कागदाने घासून प्रायमर लावतात. प्रायमर न लावल्यास भरलेली जागा रंग अधिक शोषते आणि तेथे डाग दिसतो.

प्लग उपटल्याने पडलेल्या मोठ्या छिद्रावर प्रथम जाळीची चिकटपट्टी लावतात. छिद्र तळहाताएवढे असल्यास तो भाग चौकोनी कापून, मागे आधार देऊन, बोर्डाचा नवा तुकडा बसवितात.

गिलाव्याच्या भिंतीवरील वापर

येथे छिद्रातील धूळ ब्रशने काढून कडा किंचित ओल्या करतात. खोल छिद्र आधी सिमेंट व वाळू यांच्या मिश्रणाने भरून वर पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीचे पातळ थर देतात. एकच जाड थर दिल्यास त्याला तडे जातात. प्लास्टर ऑफ पॅरिस काही मिनिटांतच घट्ट होते. परंतु जिप्सम पाण्यात अल्प प्रमाणात विरघळत असल्याने न्हाणीघरात व बाहेरच्या भिंतींवर ते टिकत नाही.

मावळ व लोणावळा परिसर

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२५ मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या कड्यालगत आहे. तेथे वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या महिन्यांतील असतो. पूर्वेकडे वडगाव व तळेगावच्या दिशेने पावसाचे प्रमाण झपाट्याने घटते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाल्यावर या भागात सुट्टीपुरत्या वापराच्या घरांची संख्या वाढली. अशी घरे पावसाळ्यात अनेकदा बंद असतात व आतील दमट हवेला वाट मिळत नाही.

ओल शोषल्याने जिप्समचा गाभा मऊ पडतो, कागदावर बुरशी धरते आणि स्क्रू गंजून रंगावर तांबूस ठिपके उमटतात. गिलाव्याच्या भिंतींना लोणा लागून पुट्टी सुटते. म्हणून छिद्रे भरण्यापूर्वी भिंत कोरडी असल्याची खात्री करणे आवश्यक ठरते. प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी भिंतीला चिकटवून एक दिवस ठेवावा. त्याच्या आतल्या बाजूस थेंब जमल्यास भिंतीत ओल आहे असे समजावे. अशा वेळी गच्ची, नळ किंवा पावसाचा मारा सोसणारी नैऋत्येकडील भिंत यांपैकी ओलीचे मूळ शोधून आधी ते दुरुस्त करावे लागते. ओल्या भिंतीवर पुट्टी भरल्यास दोष केवळ झाकला जातो व पुढील पावसाळ्यात रंगासह पापुद्रा सुटतो. दसरा-दिवाळीपासून वैशाखापर्यंतचा कोरडा काळ या कामास योग्य होय.

मर्यादा

पुट्टीने भरलेले छिद्र वजन पेलत नाही. त्याच जागी पुन्हा स्क्रू बसवून फळी किंवा आरसा टांगल्यास तो निखळण्याचा धोका असतो. जिप्सम बोर्डाच्या भिंतीवर जड वस्तू आतील सांगाड्यालाच आधार घेऊन बसवावी लागते.

सुरक्षितता व निगा

भरण घासताना उडणारी धूळ श्वसनास अपायकारक असल्याने तोंडावर मुखपट्टी बांधावी. जुन्या बंगल्यांतील रंगात शिसे असण्याची शक्यता असते. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ साली झाले व नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीचा रंग कोरडा न खरवडता ओला करून काढावा आणि त्या वेळी मुलांना खोलीबाहेर ठेवावे. विजेच्या बटणांजवळील छिद्रे भरताना मुख्य बटण बंद करावे.

काम संपताच पाते धुऊन कोरडे करतात. कार्बनी पोलादाच्या पात्याला तेलाचा हात देतात, अन्यथा गंज चढून भरणावर डाग पडतात. पात्याच्या धारेत खाच पडल्यास प्रत्येक ओढीबरोबर भिंतीवर रेघ उमटते. ती धार कानशीने सरळ करून घेतात.

हेही पहा

थापी
गिलावा
चुना
जिप्सम
प्लास्टर ऑफ पॅरिस