कोलेस्टेरॉलचे अर्धसत्य

निव्वळ असत्य फार काळ टिकत नाही. अर्धसत्य मात्र पिढ्यान्‌पिढ्या नांदते. कोलेस्टेरॉलचा इतिहास हे त्याचे बोलके उदाहरण होय.

१७६९ च्या सुमारास फ्रान्समध्ये पुल्तिए द ला साल यांना पित्तखड्यांत हे मेणासारखे द्रव्य आढळले. १८१५ साली शेव्रल यांनी पित्त आणि घन या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून त्याचे नामकरण केले. पुढे शंभर वर्षे ते प्रयोगशाळेबाहेर फारसे कोणाच्या कानावर गेले नाही.

१९१३ साली सेंट पीटर्सबर्ग येथे अनिच्कोव्ह आणि खलातोव्ह यांनी सूर्यफुलाच्या तेलात कोलेस्टेरॉल विरघळवून ते सशांना चारले. त्या सशांच्या धमन्यांत मेदाचे थर साचले. नुसते तेल मिळालेले ससे मात्र निरोगी राहिले. प्रयोग मोलाचा होता. परंतु ससा पडला तृणाहारी. त्याच्या नित्याच्या चाऱ्यात कोलेस्टेरॉल नसतेच. उंदीर आणि कुत्रे यांच्यात तसा परिणाम सहजी दिसेना. मनुष्याचे यकृत तर हे द्रव्य स्वतःच निर्माण करते आणि आहारातून ते अधिक आले, तर बहुतेकांच्या शरीरात ती निर्मिती काहीशी मंदावते. रक्तातील कोलेस्टेरॉल वाढविण्यात लोणी, तूप यांसारख्या संपृक्त स्निग्धांचा वाटा अधिक असतो.

तरीही दोष आला तो अंड्याच्या माथी. १९६८ साली अमेरिकी हृदयरोग संघटनेने आठवड्याला तीनहून अधिक पिवळे बलक खाऊ नयेत, असा सल्ला दिला. भारतात पुढे शेंगदाणा तेलाच्या डब्यांवर 'कोलेस्टेरॉलरहित' अशी अक्षरे झळकली. वस्तुतः कोणत्याही वनस्पती तेलात ते जवळजवळ नसतेच! वनस्पती तुपातही ते नव्हते. पण त्यात ट्रान्स स्निग्धे होती. ती रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवितात, असे १९९० साली नेदरलँड्समधील मेन्सिंक आणि काटान यांनी दाखवून दिले. भारतात तेल-तुपातील त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांवर आणण्यास २०२२ साल उजाडावे लागले.

२०१५ ते २०२० या काळासाठीच्या अमेरिकी आहार-मार्गदर्शिकेने आहारातील कोलेस्टेरॉलची रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा वगळली. जपून खाण्याचा सल्ला मात्र कायम ठेवला. लोकांनी पहिला भाग ऐकला, दुसरा ऐकलाच नाही. 'कोलेस्टेरॉलचे भय हे थोतांड' अशी नवी आवई उठली आणि पहिल्या अर्धसत्याच्या जागी दुसरे येऊन बसले.

हे दुसरे अर्धसत्य अधिक घातक आहे. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल कण पेशी कशा टिपून घेतात, हे ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांनी उलगडले. १९८५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ही यंत्रणा ज्यांच्यात जन्मतःच अगदी निकामी असते, अशा मुलांना बालपणीच हृदयविकार गाठतो. १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीत, हे कोलेस्टेरॉल औषधाने उतरविलेल्या गटात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. ऐकीव गोष्टीवर विसंबून असे औषध परस्पर सोडणाऱ्या रुग्णाला अर्धसत्याची किंमत प्राणांनी मोजावी लागू शकते.

ताटातील कोलेस्टेरॉल आणि रक्तातील कोलेस्टेरॉल यांत अंतर आहे, एवढाच या अडीचशे वर्षांचा बोध. ते अंतर पुसले, तेव्हा अंडे नाहक बदनाम झाले. ते ताणले, तेव्हा रोगच नाकारला गेला.