औषधसुरक्षा (परिचर्या परीक्षेतील विषय)

रुग्णाला औषध देताना होणाऱ्या चुका टाळण्यासाठी परिचारिकेने पाळावयाचे नियम, गणिते व निरीक्षणे यांचा अभ्यासविषय. जीएनएम व बी. एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमांत तो परिचर्येची मूलतत्त्वे आणि औषधशास्त्र या विषयांखाली येतो. पदभरतीच्या परीक्षांतही त्यावर प्रश्न विचारले जातात. दिल्लीच्या एम्सने २०२० पासून सुरू केलेली ‘नॉर्सेट’ ही त्यांपैकी देशपातळीवरील प्रमुख परीक्षा होय. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या परिचारिकांना अमेरिकेच्या ‘एनक्लेक्स-आरएन’ परीक्षेतही हाच विषय भेटतो.

मूलभूत नियम : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ ही पारंपरिक पंचसूत्री. योग्य नोंद, औषध देण्याचे कारण, परिणामाचे निरीक्षण आणि नकार देण्याचा रुग्णाचा हक्क यांची भर तिच्यात पुढे पडली. रुग्णाची ओळख पूर्ण नाव व नोंदणी क्रमांक अशा किमान दोन खुणांनी पटवावी लागते. रुग्ण वॉर्डात हलवले जात असल्याने खाटेचा क्रमांक ही ओळख धरत नाहीत. औषधाच्या वेष्टनावरची चिठ्ठी तीनदा वाचतात : कपाटातून काढताना, मात्रा तयार करताना आणि रुग्णाला देण्यापूर्वी. दुसऱ्याने भरून ठेवलेले इंजेक्शन देऊ नये आणि औषध देण्याआधीच केसपेपरवर नोंद करू नये. तोंडी आदेश केवळ तातडीच्या वेळी घ्यावा, तो लिहून परत वाचून दाखवावा आणि नंतर डॉक्टरांची सही घ्यावी.

मात्रेचे गणित : हवी असलेली मात्रा भागिले उपलब्ध मात्रा, गुणिले द्रवाचे आकारमान हे मुख्य सूत्र. २ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असेल, तर ७५ मिलिग्रॅमसाठी १.५ मिलिलिटर भरावे लागते. सलाईनच्या थेंबांसाठी एकूण मिलिलिटरला संचाच्या थेंबगुणकाने (१ मिलिलिटरचे किती थेंब होतात त्या आकड्याने) गुणून मिनिटांनी भागतात. २० थेंबांच्या संचातून ५०० मिलिलिटर ४ तासांत द्यायचे असल्यास गती मिनिटाला सुमारे ४२ थेंब येते. सूक्ष्मथेंब संचात १ मिलिलिटरचे ६० थेंब होतात. त्यामुळे ताशी मिलिलिटर आणि मिनिटाचे थेंब हे आकडे सारखेच येतात.

भारतात इन्सुलिनच्या गणिताला आणखी एक पदर आहे. येथे मिलिलिटरला ४० युनिटच्या कुप्या आणि १०० युनिटची काडतुसे असे दोन्ही प्रकार वापरात आहेत, आणि सिरिंजही त्यानुसार वेगळ्या आहेत. १०० युनिटचे इन्सुलिन ४० युनिटच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर अर्धा मिलिलिटर म्हणजे ५० युनिट, अर्थात अडीचपट मात्रा जाते.

जोखमीची औषधे : इन्सुलिन, हेपॅरिन, मॉर्फिनसारखी अफूजन्य औषधे आणि तीव्र पोटॅशियम क्लोराइड यांत लहानशी चूकही जिवावर बेतू शकते. म्हणून ती दोघांनी स्वतंत्रपणे तपासण्याची पद्धत आहे. पोटॅशियम क्लोराइड शिरेत कधीही थेट ढकलत नाहीत. ते पातळ करून सावकाश सोडतात. डिगॉक्सिनपूर्वी हृदयाच्या टोकाशी पूर्ण एक मिनिट ठोके मोजतात; प्रौढात ते ६० च्या खाली असल्यास मात्रा थांबवून डॉक्टरांना कळवतात. गर्भिणीच्या झटक्यांवरील मॅग्नेशियम सल्फेटची पुढील मात्रा देण्यापूर्वी श्वसन मिनिटाला किमान १६, गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया शाबूत आणि लघवी ताशी किमान ३० मिलिलिटर असल्याची खात्री करतात. त्याचा उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट. हेपॅरिनवर प्रोटामाइन सल्फेट, मॉर्फिनवर नॅलॉक्सोन आणि वॉरफॅरिनवर जीवनसत्त्व के हे उतारे परीक्षेसाठी पाठ असावे लागतात.

लेखनातील धोके : ‘युनिट’साठी इंग्रजी ‘यू’ लिहिल्यास तो शून्य वाटू शकतो. ५.० मधला बिंदू पुसट असेल तर ५० वाचले जाते. म्हणून पूर्णांकानंतर शून्य देत नाहीत, मात्र ०.५ मधले आधीचे शून्य गाळत नाहीत. नावे सारखी दिसणारी किंवा ऐकू येणारी औषधे एकमेकांपासून दूर ठेवतात.

प्रश्नांचे स्वरूप : पर्याय चारही बरोबर देऊन ‘सर्वप्रथम काय कराल?’ असे विचारण्याची पद्धत रूढ आहे. तेव्हा माहितीबरोबर कृतींचा क्रमही पारखला जातो. चुकीचे औषध दिले गेल्यास आधी रुग्णाची स्थिती पाहणे, मग डॉक्टरांना कळवणे, त्यानंतर उपचार, केसपेपरवर वस्तुस्थितीची नोंद आणि घटना-अहवाल हा स्वीकृत क्रम आहे. रक्त चढवताना थंडी वाजू लागली, तर प्रथम रक्त बंद करतात.

मर्यादा : जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची मोहीम जाहीर केली. तिच्यात परिचारिकेच्या दक्षतेइतकाच भर औषधांची वेष्टने, आदेशाची पद्धत आणि कामाची व्यवस्था यांवर होता. पंचसूत्री काय साधायचे ते सांगते. अपुरा कर्मचारीवर्ग, मंद प्रकाश किंवा औषध भरताना येणारे व्यत्यय यांवर तिच्यात उपाय नाही. ती जबाबदारी रुग्णालयाच्या प्रशासनाची ठरते.