संगणकीय ध्वनिसाधने आणि गेमिंग कन्सोल : एक ऐतिहासिक आढावा (१९७२ ते २०२५)

प्रस्तावना :

संगणक खरेदी करताना ग्राहक प्रोसेसर, मेमरी आणि पडदा यांची बारकाईने चौकशी करतो. ध्वनीचा विचार मात्र सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत केला जातो. गेमिंग कन्सोलच्या बाबतीतही चर्चा होते ती चित्राच्या स्पष्टतेची. कानाला काय ऐकू येईल हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ही उपेक्षा आजची नाही. तिची मुळे या यंत्रांच्या जन्मकाळातच आढळतात. वैयक्तिक संगणकाने ध्वनीला बाहेरून जोडावयाची वस्तू मानले, तर कन्सोलने त्याला यंत्राचा अंगभूत भाग मानले. या दोन भिन्न दृष्टिकोनांतून दोन भिन्न इतिहास घडले. त्यांचा आढावा घेऊन आजच्या ग्राहकाला त्यातून कोणता बोध मिळतो हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

उद्दिष्टे :

१) संगणकीय ध्वनिसाधनांच्या विकासाचे टप्पे स्पष्ट करणे.
२) कन्सोल व संगणक यांच्या ध्वनिविषयक धोरणांतील फरक तपासणे.
३) बाजारपेठेतील यशापयशाची कारणे शोधणे.
४) नव्या कन्सोलचे व ध्वनिसाधनांचे ग्राहकाच्या दृष्टीने मूल्यमापन करणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रामुख्याने दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

१. मूक यंत्राकडून बोलक्या यंत्राकडे :

१९७२ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेले मॅग्नावॉक्स ओडिसी हे घरगुती वापराचे पहिले कन्सोल पूर्णतः मूक होते. त्याच वर्षी अटारी कंपनीचा 'पाँग' हा खेळ आला. कंपनीचे संस्थापक नोलन बुशनेल यांना खेळात प्रेक्षकांचा जल्लोष ऐकू यावा असे वाटत होते. तसा आवाज निर्माण करण्याइतके घटक अभियंता ॲलन अल्कॉर्न यांच्या हाताशी नव्हते. चित्राचा मेळ राखण्यासाठी मंडलात जे स्पंद आधीपासून निर्माण होत होते, त्यांतूनच त्यांनी चेंडूच्या आघाताचा आवाज मिळवला. काटकसरीतून जन्मलेला हा आवाज पुढे त्या खेळाची ओळख ठरला.

१९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये एक लहानसा स्पीकर होता. कालमापक चिपच्या साहाय्याने तो एका वेळी एकच सूर काढू शके. कार्यालयीन यंत्राला याहून अधिक आवाजाची गरज नाही, अशी यामागील धारणा दिसते. याच्या नेमकी उलट दिशा १९८२ च्या कमोडोर ६४ या संगणकाने स्वीकारली. बॉब यानेस यांनी त्यासाठी रचलेल्या एसआयडी ६५८१ या चिपमध्ये तीन स्वतंत्र स्वर, प्रत्येक स्वराच्या चढउतारावर नियंत्रण आणि एक गाळणी अशी खऱ्या सिंथेसायझरला शोभणारी रचना होती. जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉममध्ये पाच ध्वनिमार्ग होते. दोन स्पंदतरंगांचे, एक त्रिकोणी तरंगाचा, एक खरखरीचा आणि एक ध्वनिमुद्रित नमुन्याचा, अशी त्यांची विभागणी होती. एवढ्याशा सामग्रीवर कोजी कोन्डो यांनी १९८५ मध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स'चे संगीत रचले. कन्सोल घेणाऱ्या प्रत्येकाच्या यंत्रात हीच चिप असे. त्यामुळे संगीतकाराला श्रोत्याच्या घरी काय ऐकू जाईल याची खात्री होती. संगणकासाठी काम करणाऱ्याला अशी खात्री नव्हती.

२. साउंड कार्डचा उदय :

संगणकाची ही उणीव भरून काढण्याचा मान कॅनडातील क्वेबेकच्या ॲडलिब कंपनीकडे जातो. संगीताचे माजी प्राध्यापक मार्टिन प्रेव्हेल यांनी ती स्थापन केली होती. १९८७ मध्ये आलेल्या तिच्या कार्डात यामाहाची वायएम ३८१२ ही चिप वापरलेली होती. या चिपमागील एफएम संश्लेषणाचे तत्त्व स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांनी १९६७ मध्ये शोधले होते व त्याचा परवाना पुढे यामाहाने घेतला होता. १९८८ मध्ये सिएरा कंपनीने 'किंग्ज क्वेस्ट ४' हा खेळ ध्वनिकार्डांसाठी खास संगीत रचून प्रसिद्ध केला. तेव्हापासून साउंड कार्ड ही खेळणाऱ्याची गरज बनू लागली.

सिंगापूरच्या क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी या कंपनीने १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर हे कार्ड आणले. सिम वाँग हू आणि त्यांचे सहकारी यांनी ही कंपनी १९८१ मध्ये सुरू केली होती. साउंड ब्लास्टरच्या यशाची कारणे लक्षात घेण्याजोगी आहेत. एक, त्यात ॲडलिबचीच यामाहा चिप असल्याने ॲडलिबसाठी तयार झालेले खेळ त्यावर जसेच्या तसे चालत. दोन, मुद्रित आवाज, म्हणजे मानवी बोलणे किंवा स्फोट, ऐकवण्याची सोय त्यात होती. तीन, जॉयस्टिक जोडण्याचे पोर्ट त्याच कार्डावर असल्याने त्यासाठी वेगळे कार्ड घेण्याचा खर्च वाचत असे. अर्थात क्रिएटिव्हने प्रतिस्पर्ध्याचे सर्व काही सामावून घेतले आणि वर दोन गोष्टी अधिक दिल्या. १९९२ मध्ये ॲडलिबचे दिवाळे निघाले. त्याच वर्षी क्रिएटिव्हचे समभाग अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात नोंदले गेले. यापुढे अन्य कंपन्यांना आपल्या खोक्यावर 'साउंड ब्लास्टरशी सुसंगत' असे छापणे भाग पडले. सुसंगतता हीच सत्ता ठरली.

भारतात नव्वदच्या दशकात सीडी ड्राइव्ह, साउंड कार्ड आणि स्पीकरची जोडी असा संच 'मल्टिमीडिया किट' या नावाने विकला जाई. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारपेठांतून हे किट घेणाऱ्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने संगणक 'बोलू लागणे' ही घटना टायपिंग यंत्राचे घरगुती वस्तूत रूपांतर होण्याची खूण होती.

३. कन्सोलमधील ध्वनी :

दरम्यान कन्सोलच्या क्षेत्रात एका ध्वनिचिपने उद्योगाचे चित्रच पालटले. १९९० च्या सुपर फॅमिकॉमसाठी सोनीतील अभियंता केन कुतारागी यांनी ध्वनिचिप तयार केली. तिच्यात आठ ध्वनिमार्ग आणि ६४ किलोबाइट स्वतंत्र मेमरी होती. या सहकार्यातून सीडीवर आधारित संयुक्त यंत्राची योजना पुढे आली. परंतु १९९१ मध्ये निन्टेन्डोने फिलिप्सशी करार केल्याचे जाहीर केले आणि सोनीशी असलेले संबंध बिघडले. सोनीने स्वतंत्र मार्ग धरला व ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये प्लेस्टेशन बाजारात आणले. त्यात २४ ध्वनिमार्गांसह सीडीवरील मुद्रित संगीत थेट वाजवण्याची क्षमता होती. ध्वनिचिपच्या पुरवठ्यापासून सुरू झालेला संबंध अशा रीतीने प्रतिस्पर्धी उभा करून थांबला.

४. साउंड कार्डचा ऱ्हास :

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ऑरियल या अमेरिकन कंपनीने ए३डी हे तंत्र आणले. दोन स्पीकर किंवा हेडफोनवरून आवाजाची दिशा जाणवून देण्यात ते अग्रेसर होते. क्रिएटिव्हने १९९८ मध्ये पेटंटभंगाचा दावा दाखल केला. १९९९ च्या अखेरीस निकाल ऑरियलच्या बाजूने लागला. तथापि न्यायालयीन खर्चाने कंपनी खचली. २००० मध्ये तिचे दिवाळे निघाले आणि तिची मालमत्ता क्रिएटिव्हनेच विकत घेतली. खटला जिंकणारा बाजारातून नाहीसा झाला व हरणारा त्याचा वारस ठरला. ए३डीसाठी रचलेले खेळ मात्र पोरके झाले.

विजेत्याचे सुखही अल्पकालीन होते. इंटेलने १९९७ मध्ये एसी ९७ आणि २००४ मध्ये हाय डेफिनिशन ऑडिओ ही मानके आणली. त्यामुळे ध्वनीची सोय अत्यल्प खर्चात मदरबोर्डवरच होऊ लागली. २००७ च्या आरंभी सर्वसामान्य ग्राहकांना उपलब्ध झालेल्या विंडोज व्हिस्टाने ध्वनिप्रणाली नव्याने रचली आणि जुन्या मार्गाने कार्डाकडे जाणारे प्रक्रियेचे काम बंद केले. त्यासरशी कार्डाच्या खास परिणामांवर अवलंबून असलेले अनेक खेळ सपाट ऐकू येऊ लागले. क्रिएटिव्हला जुने खेळ सावरण्यासाठी वेगळी आज्ञावली द्यावी लागली. ज्या सुसंगततेच्या बळावर कंपनी मोठी झाली, ती सुसंगतता आता दुसऱ्याच्या हाती गेली होती.

५. नवी कन्सोल : काही अभिप्राय :

नोव्हेंबर २०२० मध्ये एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस आणि प्लेस्टेशन ५ ही यंत्रे आली. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी उपलब्ध झाले. त्यातील टेम्पेस्ट हा घटक केवळ ध्वनीच्या गणनेसाठी राखलेला आहे. उजव्या बाजूचा आवाज उजव्या कानाला किंचित आधी व अधिक मोठा ऐकू येतो, तसेच कानाच्या पाळीचा आकार त्याचा पोत बदलतो. या फरकांचे गणित करून दोनच स्पीकरांच्या हेडफोनवर चहूबाजूंचा आभास निर्माण केला जातो. प्रत्येकाचे कान वेगळे असल्याने सोनीने प्रारंभी पाच पर्याय दिले व २०२४ मध्ये व्यक्तिगत चाचणीची सोय केली. एक्सबॉक्सने डॉल्बी ॲटमॉससारख्या प्रस्थापित पद्धतींचा आधार घेतला. तत्त्वतः पाहता सोनीचा मार्ग ऑरियलचे अपुरे राहिलेले काम पुढे नेणारा आहे. ५ जून २०२५ रोजी आलेल्या निन्टेन्डो स्विच २ मध्ये अंगभूत मायक्रोफोन आहे. १९८३ च्या फॅमिकॉमच्या दुसऱ्या नियंत्रकातही मायक्रोफोन होता, हे येथे स्मरणीय आहे.

या यंत्रांचे दोषही नोंदवले पाहिजेत. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज या दोहोंतून ऑप्टिकल पोर्ट वगळण्यात आले. दोन्ही यंत्रे विक्रीस आली तेव्हा घरातील सामान्य ब्लूटूथ हेडफोन त्यांना थेट जोडता येत नव्हते. चांगली जुनी साधने बाळगणाऱ्या ग्राहकावर यामुळे नव्या खर्चाचा भार पडला.

६. ग्राहकासाठी बोध :

साध्या वापरासाठी आज स्वतंत्र साउंड कार्डाची आवश्यकता राहिलेली नाही. संगणकाच्या आतील विद्युत गोंगाट ऐकू येत असेल, तर यूएसबीवर चालणारे बाह्य साधन अधिक उपयुक्त ठरते. मर्यादित रक्कम प्रथम हेडफोन वा स्पीकरवर खर्च करावी, कारण आवाजातील सर्वाधिक फरक तेथेच पडतो. खोक्यावरील '७.१' या आकड्यापेक्षा आपल्या यंत्राशी जोडणी होते की नाही हे आधी तपासावे.

याहून महत्त्वाचा मुद्दा श्रवणाच्या आरोग्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित असतो. बालकांसाठी तेवढ्याच वेळाची मर्यादा ७५ डेसिबल आहे. खेळणाऱ्यांच्या श्रवणहानीविषयीच्या १४ अभ्यासांचा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला व त्यात अनेकदा ही मर्यादा ओलांडली जात असल्याचे आढळले. कार्ड बदलता येते. कान बदलता येत नाही.

निष्कर्ष :

१) ध्वनितंत्राच्या इतिहासात गुणवत्तेपेक्षा सुसंगतता व किंमत हे घटक अधिक निर्णायक ठरले. ॲडलिब व ऑरियल ही त्याची ठळक उदाहरणे होत.
२) कन्सोलने ध्वनीला आरंभापासून अंगभूत मानल्यामुळे रचनाकारांना निश्चित पाया मिळाला, संगणकाला तेथे पोहोचण्यास दोन दशके लागली.
३) कंपनी बुडाली वा प्रणाली बदलली की त्या तंत्रासाठी रचलेला आवाजही हरवतो. म्हणून जुनी ध्वनिसाधने व त्यांची आज्ञावली यांचे जतन हे सांस्कृतिक जतनाचेच कार्य मानले पाहिजे.
४) साधन निवडताना जोडणी, श्रवणसुरक्षा आणि किंमत हा क्रम ग्राहकाच्या हिताचा आहे. जाहिरातीतील आकड्यांचे स्थान त्यानंतरचे होय.