धर्मादायाचा खरा दाता

आहार, औषध, ज्ञान व अभय असे चतुर्विध दान जैन धर्माने सांगितले आहे. दाता, पात्र व दानाचा विधी यांची चर्चाही शास्त्रकारांनी विस्ताराने केली. परंतु दिलेले धन मुळात कोणाच्या खिशातून आले, हा प्रश्न समाजात क्वचितच विचारला जातो. व्यापारी पेठांतील ‘धर्मादाय’ या जुन्या प्रथेचा इतिहास पाहता हा प्रश्न टाळता येत नाही.

बिलाच्या रकमेवर धर्मादायाचे काही पैसे लावण्याची रीत व्यापाऱ्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. कापसाच्या व धान्याच्या बाजारात तीच रक्कम शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावातून कापली जाई. गोशाळा, पाठशाळा, धर्मशाळा त्यातून उभ्या राहिल्या, हे या प्रथेचे पुण्यच होय. पण संस्थेच्या दारावर नाव पेढीचे लागे. गिऱ्हाईक व शेतकरी मात्र निनावीच राहत. १९२८ साली शेतीविषयक शाही आयोगाने बाजारातील ज्या कपातींबद्दल शेतकऱ्यांची तक्रार नोंदविली, त्यांत अशा धर्मादायाचाही समावेश होता.

कायद्याने हा गुंता सोडविला. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील कलम ५४ नुसार धर्मादाय म्हणून घेतलेली रक्कम व्यापाऱ्याकडे विश्वस्त या नात्याने राहते आणि तिचा हिशेब धर्मादाय कार्यालयास द्यावा लागतो. पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बिजली कॉटन मिल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, अशी रक्कम हे व्यापाऱ्याचे उत्पन्नच नव्हे, असा निर्णय दिला. करापुरता तो व्यापाऱ्याच्या सोयीचा ठरला. परंतु जे आपले उत्पन्न नाही, ते आपले दान तरी कसे म्हणावे?

या प्रश्नाचे आचरणातील उत्तर एका जैन पुत्रानेच दिले. कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहून शिकले. समाजाच्या दानाने त्यांना आसरा दिला, हे खरे. परंतु अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले, परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. समाजाने हा प्रसंग विसरू नये. दान उदार होते, त्याचे दार मात्र अरुंद होते.

भाऊरावांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकाच पंगतीत बसविणारे वसतिगृह उघडले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले. त्या वसतिगृहासाठी घरोघरून मूठमूठ धान्य गोळा होत असे. घरात दाणा नसता लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही दिले. मूठभर जोंधळा देणारी बाई व मोठी देणगी देणारा धनिक हे तेथे सारखेच दाते ठरले. म्हणूनच देणाऱ्याचे पोरही तेथे हक्काने शिकू शकले.

नागपूरच्या इतवारी व गांधीबागेतील कापडाच्या पेढ्यांच्या मागे लुगडी विणणारा कोष्टी, कापूस पिकविणारा शेतकरी व सणासाठी पै-पैसा साठवून कापड घेणारे कुटुंब उभे आहे. पेढीच्या धर्मादायात त्या सर्वांचा वाटा आहे. सार्वजनिक न्यासांना मिळणाऱ्या करसवलतीतही साऱ्या जनतेचा भार असतो. राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्यात, हा नियम याच न्यायाने आला आहे.

न्यासाला ५० वर्षे पूर्ण होत असता जमाखर्च तपासला जाईल, देणगीदारांच्या नावांचे फलकही लागतील. ते योग्यच आहे. त्या फलकावर ज्यांचे नाव कधीच आले नाही, त्यांच्या मुलांना न्यासाच्या शिष्यवृत्तीत, औषधोपचारात व वसतिगृहात किती जागा मिळाली, हेही त्याच वहीत लिहिले जावे. अपरिग्रहाचा अर्थ धनाचा त्याग एवढाच नाही. धनावरचे, आणि दानावरचेही, ‘माझे’पण सोडणे हा आहे.