आखाती देशांत नोकरी करणाऱ्यांचा आरोग्य विमा : काय मिळते आणि कधी संपते?

दुबई, अबू धाबी किंवा सौदी अरेबियात नोकरी करणाऱ्या बहुतेकांकडे कंपनीने दिलेले विम्याचे कार्ड असते. ते उपयोगी असते, पण ते नोकरीशी आणि व्हिसाशी बांधलेले असते. नोकरी सुटली की विमाही संपतो, आणि नेमक्या त्याच वयात मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार सुरू झालेले असतात. म्हणून तिथला विमा समजून घेणे आणि परतल्यानंतरची तयारी आधीपासून करणे, दोन्ही महत्त्वाचे आहे.

कंपनीच्या विम्यात काय असते?

दुबईत २०१३ च्या कायद्याने कर्मचाऱ्याचा आरोग्य विमा काढणे कंपनीवर बंधनकारक आहे. त्याचे पैसे पगारातून कापता येत नाहीत. मात्र पत्नी-मुले ज्याच्या व्हिसावर राहतात, त्यानेच त्यांचा विमा काढायचा असतो. शारजा, अजमान यांसारख्या इतर अमिरातींतही १ जानेवारी २०२५ पासून खासगी कंपन्यांतील कामगार आणि घरकामगारांसाठी विमा सक्तीचा झाला आहे. सौदी अरेबियातही खासगी क्षेत्रातील परदेशी कर्मचाऱ्यांचा विमा मालकाने काढायचा असतो.

दुबईच्या मूलभूत योजनेत वर्षाला १,५०,००० दिरहमपर्यंतचा खर्च मिळतो. पण काही मर्यादा आहेत:

- ओपीडी तपासणी आणि औषधांच्या बिलाचा काही भाग रुग्णाला भरावा लागतो.
- ठरवून दिलेल्या क्लिनिक व रुग्णालयांतच कॅशलेस उपचार मिळतात.
- पहिल्यांदाच विमा घेणाऱ्यांना जुन्या आजारांसाठी ६ महिने थांबावे लागू शकते. या काळातही तातडीचे उपचार मिळतात.
- दातांचे नेहमीचे उपचार आणि चष्मा सहसा धरलेला नसतो.

“सुट्टीत गावी गेल्यावर दाखवू” हे धोक्याचे

पैसे वाचवण्यासाठी अनेक जण दुखणे अंगावर काढतात. छातीत दुखणे किंवा दाब जाणवणे, दम लागणे, चेहरा वाकडा होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलताना जीभ अडखळणे ही लक्षणे दिसली तर एक तासही थांबू नका. संयुक्त अरब अमिरातीत रुग्णवाहिकेसाठी ९९८ वर फोन करा. रुग्णालय विम्याच्या यादीत आहे की नाही, हे अशा वेळी शोधत बसू नका. रुग्ण दाखल झाल्यावर नातेवाइकांनी किंवा सहकाऱ्यांनी विमा कंपनीला लगेच कळवावे.

भारतातून घेतलेला विमा तिथे चालतो का?

- भारतातील नेहमीची आरोग्य पॉलिसी : साधारणपणे भारतात झालेल्या उपचारांचाच खर्च देते.
- प्रवास विमा : थोड्या दिवसांच्या प्रवासात अचानक आलेल्या आजारासाठी असतो. तिथे राहून नोकरी करणाऱ्याला तो पुरत नाही.
- प्रवासी भारतीय विमा योजना : ज्यांच्या पासपोर्टला परदेशी नोकरीसाठी सरकारी परवानगी लागते, त्यांना ही योजना सक्तीची आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. आजारपणासाठीची रक्कम मात्र १ लाखापर्यंतच असल्यामुळे ही योजना कंपनीच्या विम्याला पर्याय नाही.

भारतात परतल्यावर काय?

आखातात वीस वर्षे विमा असला, तरी ती वर्षे भारतातील नव्या पॉलिसीत मोजली जात नाहीत. नवी पॉलिसी घेतली की आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ नव्याने सुरू होतो. २०२४ च्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. साठीच्या आसपास मधुमेह घेऊन परतलेल्या व्यक्तीला तीन वर्षे विम्याविना काढावी लागू शकतात.

यावर उपाय सोपा आहे. नोकरी चालू असतानाच भारतात स्वतंत्र पॉलिसी सुरू करा. अनिवासी भारतीयांना ती घेता येते. परतेपर्यंत प्रतीक्षा काळ संपलेला असेल आणि सुट्टीत आजारी पडलात तरी ती उपयोगी पडेल. अर्ज भरताना साखर, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया काहीही लपवू नका. क्लेम नाकारला जाण्याचे ते एक मोठे कारण असते.

महाराष्ट्रातील कुटुंबांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचाही आधार आहे. त्यात अंगीकृत रुग्णालयांत ठरावीक उपचारांसाठी प्रति कुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. रोजच्या गोळ्यांचा खर्च मात्र स्वतःलाच करावा लागतो.

जवळ काय ठेवावे?

- विमा कार्डाचा फोटो, कुटुंबातील एका व्यक्तीच्या मोबाइलवरही
- विमा कंपनीचा मदत क्रमांक आणि जवळच्या यादीतील रुग्णालयाचे नाव
- चालू औषधांची नावे, डोस आणि ॲलर्जीची नोंद
- डिस्चार्ज कार्ड, ईसीजी, रक्ततपासण्यांचे अहवाल. नोकरी सोडण्यापूर्वी रुग्णालयातून प्रती घ्याव्यात

विमा नसताना कुणी गंभीर आजारी पडले, तर भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा. अडचणीतील गरजू भारतीयांच्या तातडीच्या उपचारांसाठी दूतावासाकडे कल्याण निधी असतो.

*ही सर्वसाधारण माहिती आहे. विम्याच्या अटी पॉलिसीनुसार बदलतात. आपली पॉलिसी वाचा आणि औषधांत बदल करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्या.*