बंबाचे पाणी, चुलीवरची भाकरी

घरात लाकूड नीट जाळण्याची विद्या खेड्याला बाहेरून शिकवावी लागली, हा समज निर्धूर चुलींच्या प्रचारात नेहमी डोकावतो. तो खोडायला तांब्याचा बंब पुरेसा आहे. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत, पेशवाईपासून वसलेल्या कारागिरांनी पत्रा मठारून भांडी घडवली, त्यांतच बंबही आला. त्याच्या पोटातून एक उभे नळकांडे जाते, तळाशी जाळी असते. ढलप्या, करवंट्या, गोवरीचे तुकडे नळकांड्यात वरून टाकायचे. हवा जाळीखालून ओढली जाते, राख खाली गळते आणि जाळाला चहूबाजूंनी पाणी वेढून असते. तेच नळकांडे धुराडेही होते. पाण्याला न शिवता निसटायला उष्णतेला वाट फार थोडी उरते. तांबे महाग, म्हणून बंब खाऊनपिऊन सुखी घरांतच असे, हे खरे. पण मग अडचण पैशाची होती, अकलेची नव्हती.

बंबही धुरतोच, असा आक्षेप येईल, आणि तो बरोबर आहे. पाण्यामुळे थंड राहिलेल्या तांब्याला ज्वाळा टेकली की ती अर्धवट विझते आणि न जळलेला वायू धूर होऊन जातो. लाकूड पुरते जाळणे आणि त्याची उष्णता पकडणे ही दोन वेगळी कामे आहेत. रशियातली विटांची मोठी भट्टी तापलेल्या विटांमध्ये ज्वाळा पुरी होऊ देते आणि मग धूर लांब वळणांनी फिरवून ऊब भिंतीत मुरवते. रात्रभर घर उबदार ठेवायची गरज आपल्याला नव्हती, आणि अंगणातल्या बंबाचा धूर कुणाच्या डोळ्यांत जात नसे. स्वयंपाकघरातला मात्र बाईच्या छातीत जात होता.

त्यासाठी प्रयत्न झाले. 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या वर्ध्यातल्या मगनवाडीतून मगन चूल निघाली. 1980च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि 2002 मध्ये बंद पडला. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने सिमेंटची, दोन भांड्यांची, धुराड्याची लक्ष्मी चूल गावोगाव नेली. तरी कित्येक घरांत जुनी चूल गेली नाही. बायका हट्टी, असे म्हणून हात झटकणे सोपे. ते अन्यायाचे आहे. चुलीची कार्यक्षमता मोजतात ती पाणी तापवून. हे तर बंबाचे काम! ज्वारी-बाजरीच्या भाकरीला तव्याखाली पसरट जाळ लागतो, मग तवा उतरून चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या आरावर ती उभी धरून फुगवायची असते, आणि तेवढ्यात वैलावर कालवण रटरटत ठेवायचे असते. सरपण वाचवायला चुलीचे तोंड अरुंद केले की आर ओढायला जागा उरत नाही, लांब लाकूड फोडून बारीक करावे लागते. धुराड्यात काजळी साठली की तुंबलेला धूर उलटा घरात येतो, आणि ते झाडायचे कुणी, हा प्रश्न अनुदानाच्या कागदावर नसतो. 2016च्या उज्ज्वला योजनेनंतर गॅस पुष्कळ घरांत पोचला, आणि गॅसच्या ज्योतीवर भाकरी फुगवता येते, ही त्याची जमेची बाजू कोणत्याही टक्केवारीइतकीच मोठी आहे. सिलिंडर परवडत नाही तिथे सुधारित चूल अजूनही हवी; पण तिची पहिली चाचणी पातेल्यातल्या पाण्यावर नव्हे, परातीत थापलेल्या भाकरीवर व्हायला हवी.